मावशी, पेंद्या, सोंगाड्या : तमाशाच्या नेहमीच्या पात्रांची कुळकथा

तमाशाच्या वगात, म्हणजे रात्रीच्या उत्तरार्धात रंगणाऱ्या गद्यपद्य कथानाट्यात, आज एखादा राजा असतो, उद्या दरोडेखोर असतो आणि परवा एखादी शहाणी राणी असते. पण त्यांच्याभोवती वावरणारा सोंगाड्या, गौळणीतली मावशी आणि कृष्णाचा लंगडा सवंगडी पेंद्या ही मंडळी कोणत्याही फडात, म्हणजे तमाशाच्या मंडळीत, कोणत्याही गावच्या जत्रेत, ठरल्या जागी आणि ठरल्या खोडीसह हजर होतात. रूढ परिभाषेत त्यांना दुय्यम पात्रे म्हणावे लागेल, परंतु तमाशाचा इतिहास पाहता हा क्रम उलटा लावणेच योग्य ठरते, कारण वग तमाशात उशिरा आला आणि गण (गणेशवंदना), गौळण (कृष्ण-गवळणींचा प्रसंग) व बतावणी (विनोदी सवालजवाब) हे भाग त्याच्याआधीच फडात रुळले होते. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) ज्या काळी फडावर उभे राहत, त्या काळी वगाचा पत्ताही नव्हता. या फंदींनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली ती अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून, असे परंपरा सांगते. संगमनेरच्या ज्या जिल्ह्याला आज अहिल्याबाईंचे नाव आहे, तोच जिल्हा तमाशाच्या कुळकथेत वारंवार डोकावतो, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

'सोंगाड्या' या शब्दाच्या मुळाशी 'सोंग' आहे आणि 'सोंग' हे 'स्वांग'चे मराठी रूप मानले जाते. मात्र मराठीत सोंग म्हणजे निव्वळ वेषांतर नव्हे. सोंग 'आणतात', 'नाचवतात' आणि वेळ निभावली नाही तर ते 'उघडे पडते'. अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात होणाऱ्या बोहाड्यात, म्हणजे देवदैत्यांचे मुखवटे चढवून रात्रभर चालणाऱ्या उत्सवात, एकामागून एक सोंग संबळाच्या तालावर नाचत येते आणि आपला फेरा संपवून निघून जाते. देवळातील उत्सवाच्या शेवटच्या रात्री होणाऱ्या लळितातही हीच रीत होती. शेवगाव तालुक्यालगत, गोदावरीच्या पलीकडे असलेल्या पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडांतून बहिरा, मुका, आंधळा, जोशी, वासुदेव असा सगळा गाव बोलता केला, तोही याच सोंगांच्या भाषेत. 'रात्र थोडी, सोंगे फार' ही म्हण अशाच एखाद्या जागरणातून निघाली असावी. फरक इतकाच, की बोहाड्यात सोंग ठरलेले असते आणि मुखवट्याआडचा माणूस बदलू शकतो, तर तमाशात माणूस ठरलेला असतो आणि सोंगे बदलतात; एकच सोंगाड्या गौळणीत पेंद्या, बतावणीत सरदाराला, म्हणजे फडाच्या नाईकाला, उलटे प्रश्न विचारणारा गडी आणि वगात राजाचा शिपाई होतो, आणि प्रेक्षक त्याला तिन्ही ठिकाणी ओळखूनच हसतात. सोंगाड्याची वंशवेल थेट संस्कृत नाटकातील विदूषकापर्यंत नेण्याचा मोह अनेकांना होतो. दोघेही खादाड, दोघेही नायकाचे मित्र, इथपर्यंत ते जुळते. परंतु साम्य म्हणजे वंश नव्हे, आणि लळित, भारूड व बोहाडा इतके हाताशी असताना उज्जयिनीला जाण्याची गरज पडत नाही.

पेंद्याचे मूळ त्याहून स्पष्ट आहे, कारण तो अस्सल मराठी आहे. भागवताच्या दशम स्कंधात श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण असे सवंगडी भेटतात, पेंद्या भेटत नाही. तो आढळतो मराठी संतांच्या काल्याच्या आणि खेळाच्या अभंगांत, वाकड्या-बोबड्यांच्या संगतीत, पाय अधू आणि भक्ती सरळ असलेला. संतांनी त्याला जवळ केले ते देवाच्या पंगतीत व्यंगालाही जागा असते हे दाखवण्यासाठी; तमाशाने तोच पाय उचलला आणि त्याची चाल केली.

मावशीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. गौळणीचा प्रसंग ठरलेला असतो: मथुरेच्या बाजाराला दूध-दही घेऊन निघालेल्या गवळणी, वाट अडवून दाण, म्हणजे जकात, मागणारा कृष्ण, त्याच्या बाजूला पेंद्या आणि या पोरींची राखणदार म्हणून पुढे येणारी मावशी. ही मावशी पुरुषच साकारतो आणि ते लपवण्याची तसदी घेत नाही. कित्येकदा धोतर-सदऱ्यावरच एखादे उपरणे डोक्यावरून पदरासारखे ओढले, एक हात कमरेवर ठेवला आणि मान वेळावली की मावशी तयार होते. मिशी तशीच राहते, किंबहुना ती राहिली तरच पुढचा विनोद उभा राहतो. पदर दातांत धरून ती कृष्णाला त्याचे गाव, बाप, धंदा विचारते, मिळालेल्या प्रत्येक उत्तराचा वाकडा अर्थ लावते, आणि देवाला असे गावच्या चावडीवर उभे केल्यावर ढोलकीची थाप पडून गवळणींचे गाणे सुरू होते. नात्याची निवडही नेमकी आहे. आत्याचा मान राखावा लागतो आणि काकूचा धाक असतो, परंतु 'माय मरो, मावशी जगो' म्हणणाऱ्या भाषेत थट्टा करायला आणि करून घ्यायला मावशीइतके सोयीचे नाते दुसरे नाही.

एके काळी फडातील सर्वच स्त्रिया पुरुष होते. लावणीवर नाचणाऱ्या मुलाला 'नाच्या पोऱ्या' म्हणत आणि राधाही तोच होई. हे चित्र बदलण्यात संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावचा वाटा मोठा आहे, कारण तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते ती पवळा हिवरगावकरीण याच गावची. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी असलेले शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडात ती आली आणि दोघांच्या जोडीने नाव कमावले. स्त्री आल्यावर नाच्याचे काम संपत गेले, कारण तो स्त्रीची उणीव भरून काढत होता. मावशी मात्र टिकली, कारण ती कोणाच्याच उणिवेची भरपाई नव्हती. तिच्यात स्त्रीची नक्कल नसून नकलेचीच नक्कल आहे, आणि खरी बाई शेजारी उभी राहिल्यावर ती फिकी न पडता उलट अधिक उठून दिसू लागली.

ठरीव पात्रांची ही भूक तमाशापुरती नाही. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर १९७३ ते २०१० या काळात चाललेल्या 'लास्ट ऑफ द समर वाइन' या विनोदी मालिकेत नोरा बॅटी ही शेजारीण सुरकुतलेले मोजे घालून, हातात झाडू घेऊन पायऱ्यांवर येई आणि ती काय करणार हे ठाऊक असल्यामुळेच लोक वाट पाहत. मात्र तेथे मध्यवर्ती मंडळीही वर्षानुवर्षे तीच राहत असल्याने शेजारीण ही शेजारीणच राहते. तमाशात मध्यवर्ती जागा रोज रिकामी होते आणि कथेची सगळी ओळख कडेच्या माणसांवर येऊन पडते.

वग आल्यावर हे विशेष जाणवले. सावळजच्या उमा-बाबूंनी १८६५ मध्ये उभा केलेला 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानला जातो. राजा, प्रधान, राणी यांची भाषा भारदस्त झाली आणि सोंगाड्याला त्यांच्या पायाशी शिपायाची जागा मिळाली. पण राजाच्या तोंडावर खरे बोलण्याची मुभा त्यालाच असल्याने ही बढतीच ठरली, आणि महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आलेल्या कलावंतांनी ती पुरेपूर वापरली. पुढे शिपायाने खाकी घातली आणि तो हवालदार झाला. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचे 'जहरी प्याला'तील हवालदार इतके गाजले, की वगाचा नायक कोण हे विसरले गेले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातील हवालदारानेच दादा कोंडके यांना घरोघरी पोचवले, आणि १९७१ मधील त्यांच्या चित्रपटाचे नाव 'सोंगाड्या' होते, राजा नव्हे.

संगमनेरचा धागा येथे पुन्हा हाती येतो. तुकाराम खेडकर यांच्या फडात नावारूपाला आलेल्या आणि पुढे स्वतःचा फड उभा करणाऱ्या कांताबाई सातारकर याच गावी स्थायिक झाल्या आणि २०२१ मध्ये येथेच निवर्तल्या. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांची ख्याती सोंगाड्या म्हणून, आणि फडमालकही तेच. म्हणजे राजाचा शिपाई फडाचा धनी झाला. हंगामात नारायणगावला लागणाऱ्या फडांच्या राहुट्यांत गावकरी सुपारी देताना, म्हणजे खेळ ठरवताना, वग कोणता याबरोबरच सोंगाड्या कोण हेही विचारतात. अलीकडे तंबूत चित्रपटगीतांवरील नाचांनी गौळणीचा बराच वेळ खाल्ला आहे, तरी ती पुरती वगळण्याची हिंमत फड सहसा करत नाहीत. कांताबाईंनी वगात पुरुषभूमिका केल्या, शिवाजी महाराजही उभे केले, आणि बाईने राजा व्हावे हे प्रेक्षकांनी मनापासून मानले. गौळणीतले उपरणे मात्र अजून बहुधा पुरुषाच्याच डोक्यावर जाते.