सवयींची नोंद आता घरच्या भिंतीवर

रोजचे औषध, सकाळचा फेरफटका, झोपण्यापूर्वीचे वाचन अशा सवयींची नोंद ठेवणारी अनेक अ‍ॅप मोबाइलवर मिळतात. मात्र नोंदीसाठी हाती घेतलेला फोन बहुधा दुसऱ्याच गोष्टीत गुंतवतो. म्हणूनच स्वतःपुरते लहानसे अ‍ॅप लिहून त्या नोंदी घरातील पडद्यांवर दाखवण्याचा छंद हौशी तंत्रज्ञांमध्ये रुजला आहे. संगणक वेगळा जाणवू नये, भोवतालात मिसळून जावा, हा विचार झेरॉक्स पार्क संशोधन केंद्रातील मार्क वायझर यांनी १९९१ मध्येच मांडला होता.

अशा व्यवस्थेचे तीन भाग असतात. नोंदी साठवण्यासाठी रास्पबेरी पाय हा २०१२ पासून मिळणारा, तळहातावर मावणारा संगणक पुरतो. त्यावरील एसक्यूलाइटच्या एका तक्त्यात सवयीचे नाव आणि ती पाळल्याची वेळ एवढेच लिहावे लागते. दुसरा भाग म्हणजे पडदा आणि तिसरा त्याच्याशेजारचे बटण. हे दोन्ही भाग वायफायची सोय असलेल्या ईएसपी३२ या चिपला जोडता येतात. औषधाचा पडदा औषधांच्या डब्याजवळ, वाचनाचा उशाशी, अशी जागेची निवड महत्त्वाची ठरते.

पडद्यासाठी ई-पेपरला पसंती मिळते. तो स्वतः प्रकाश फेकत नाही आणि चित्र बदलतानाच वीज घेतो. पण हाच गुण घातकही ठरू शकतो. बॅटरी संपली किंवा वायफाय बंद पडले, तरी कालचे चित्र तसेच राहते. कालची 'औषध घेतले' ही खूण आजची समजली गेली, तर वृद्ध रुग्णाचा डोस चुकू शकतो. त्यामुळे खुणेसोबत वार व तारीख ठळक अक्षरांत असलीच पाहिजे. बटण एकदा दाबूनही विजेचे अनेक संकेत जाऊ शकतात. लागोपाठ आलेले संकेत एकच मानावेत. संपर्क तुटल्यास नोंद चिपमध्ये राखून नंतर पाठवावी.

दिवस कोठे संपतो, हेही ठरवावे लागते. रात्री सव्वाबाराला घेतलेली झोपण्यापूर्वीची गोळी आदल्या दिवसाची मानायची, तर अ‍ॅपचा दिवस पहाटे चारला सुरू करणे सोयीचे.

काय दाखवावे, याला संशोधनाचा आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्याचा काळ १८ ते २५४ दिवस, तर मध्यक ६६ दिवस आला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही आढळले. म्हणूनच एका खाड्याने शून्यावर येणाऱ्या आकड्यापेक्षा 'गेल्या ३० दिवसांपैकी २६' अशी नोंद अधिक न्याय्य.

शेवटी, भिंतीवरचा मजकूर पाहुण्यांनाही दिसतो. औषधाच्या नावाऐवजी साधे चिन्ह वापरावे आणि नोंदी घरातल्याच संगणकावर ठेवाव्यात. स्वतः अ‍ॅप लिहिण्याचा मोठा लाभ हाच, की काय दिसावे आणि कोणाला, याचा निर्णय घरातल्या माणसांकडेच राहतो.