बाद झालेला गडी परत कधी येतो?

पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर या पट्ट्यातली तरुण पोरं आज चार-चार जणांचा संघ करून मोबाइलवर बंदुकीचे सामने खेळतात. समोरच्या संघाचे गडी टिपायचे, आपले राखायचे आणि मैदानात शेवटपर्यंत उरायचं, एवढाच त्या खेळाचा सांगाडा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे परदेशातून आलेलं खूळ वाटतं, आणि खेळणाऱ्यांनाही आपण काही नवंच करतोय असं वाटतं. माझ्या मते दोघांचाही अंदाज चुकतो. गडी बाद करण्याच्या सांघिक खेळात डावपेच ठरतात ते नेमबाजीवरून किंवा ताकदीवरून नव्हे, तर एका नियमावरून: बाद झालेला गडी परत येतो का, आणि येत असेल तर कशाच्या बदल्यात? या प्रश्नाची नियमबद्ध उत्तरं महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच शोधली गेली. त्या उत्तरांपैकी एकावर पनवेल, उरण, पेण, अलिबागच्या गावांनी आपले संघ पिढ्यान् पिढ्या पोसले. त्या खेळाचं नाव हुतूतू, पुढे कबड्डी.

हुतूतूचे तीन प्रकार जुन्या जाणकारांना ठाऊक आहेत. ‘अमर’मध्ये गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, फक्त गुण चढतो. ‘गामिनी’त बाद झालेला गडी बाहेर बसतो तो आपला सगळा संघ बाद होईपर्यंत, सगळे संपले की समोरच्याला एक गुण आणि मग सगळेच पुन्हा उभे. ‘संजीवनी’त समोरचा एक गडी बाद केला की आपला बसलेला एक गडी उठतो, आणि तोही बाद झाल्याच्याच क्रमाने. 1918 ते 1923 या काळात महाराष्ट्रातल्या क्रीडासंस्थांनी विस्कळीत हुतूतूला लेखी नियमांत बसवलं. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने त्या नियमांवर स्पर्धा भरवली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने परदेशी प्रेक्षकांना हा खेळ दाखवला, 1938 मध्ये तो कोलकात्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत आला आणि 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी पुढे सारं आयुष्य त्यात घातलं. या सनावळीत एक गोष्ट सहसा झाकली जाते: संघटित कबड्डीने तिन्हींतून संजीवनी निवडली. ही निवड साधी नव्हती. गामिनीला घड्याळ लागत नाही, गुणफलकही जेमतेम लागतो. संजीवनीला पंच हवेत, बसलेल्यांचा क्रम राखणारा माणूस हवा आणि वेळेचं बंधन हवं. एवढा खटाटोप पत्करला गेला तो फुकट नव्हे. गामिनीत पहिल्याच मिनिटाला बाद झालेला चांगला गडी डावभर बसून राहतो, आणि दोन गडी आधी गमावलेला संघ बहुधा खालीच घसरत जातो. संजीवनीत घसरलेल्या संघाला वर चढायची वाट खेळाच्या आतच ठेवलेली असते.

ही वाट नेमकी कशी चालते ते पाहण्यासारखं आहे, कारण कबड्डीची खरी बुद्धी तिथे आहे. मैदान पुरुषांसाठी 13 मीटर बाय 10 मीटर, गडी सात-सात, चढाई 30 सेकंदांची. समजा एका संघाचा सर्वांत तेज चढाईपटू पकडला गेला. तो आता स्वतःच्या कर्तबगारीने परत येऊ शकत नाही. त्याला उठवायचं तर उरलेल्यांपैकी कुणीतरी चढाईत गडी मारायला हवा, नाहीतर कोपरारक्षकांनी आणि मध्यरक्षकांनी समोरचा चढाईपटू धरायला हवा. म्हणजे चढाईचं भवितव्य बचावाच्या हातात जातं. समोरचा शहाणा कर्णधार हे ओळखतो आणि आपल्या चढाईपटूंना सांगतो की आता अंगावर जाऊ नका, चढाई वैध ठरवणारी निदान रेषा ओलांडा आणि परत या, जमलं तर तिच्या पुढच्या रेषेवरचा बोनस घ्या. कारण बोनसचा गुण मिळतो, आणि रिकाम्या चढाईत पकडले जाण्याचा धोका कमी. पकडले न गेलात तर तिकडचा तो तेज गडी बसलेलाच राहील. उलट बाजूनेही हाच हिशेब. बोनसने गुण वाढतो, पण आपला गडी उठत नाही. त्यामुळे मागे पडलेल्या संघाने नुसते बोनस गोळा करत बसणं म्हणजे पैसे येताहेत, पण घरात माणूस नाही अशी गत. गुण आणि गडी ही दोन वेगळी भांडवलं आहेत, आणि कोणत्या मिनिटाला कोणतं जास्त मोलाचं हे ज्याला कळतं तो कर्णधार.

याच हिशेबातून सर्वांत चमत्कारिक डाव निघतो. एकच गडी उरलेला संघ कधीकधी मुद्दाम लोण, म्हणजे सगळा संघ बाद होणं, पत्करतो. शेवटचा गडी जीव वाचवत फिरण्याऐवजी सरळ अंगावर जातो; समोरच्याला लोणाचे दोन गुण वरून मिळतात, पण आपले सातच्या सात गडी एका झटक्यात उभे राहतात. वेळ भरपूर शिल्लक असेल तर हा सौदा फायद्याचा. सामना संपत आलेला असेल तर नेमकं उलट: पुढे असलेला संघ त्या शेवटच्या गड्याला मुद्दाम मारतच नाही, लंगडा संघ लंगडाच ठेवतो. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर दूरचित्रवाणीसाठी या सावधपणाला आळा घालणं भाग होतं. म्हणून सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी चढाई निर्णायक ठरवली गेली, म्हणजे तीत गुण नाही मिळाला तर चढाईपटू बाद, आणि तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, एक जादा गुण दिला गेला. पहिल्या नियमाने दडून बसणं महाग केलं. दुसऱ्याने तीन गड्यांच्या संघाला दात दिले; आता चढाईपटू सात जणांत जितक्या मोकळेपणाने शिरतो तितक्या मोकळेपणाने तिघांत शिरत नाही. नियम बदलला की शौर्याची जागा बदलते, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता बंदुकीच्या खेळांकडे वळू. 1993 च्या ‘डूम’मधल्या आपसांतल्या लढतीत मेलेला खेळाडू लगेच दुसरीकडे उभा राहतो आणि फक्त मारल्याची संख्या मोजली जाते. हा सरळसरळ अमर प्रकार. 1999 मध्ये आलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये पाच विरुद्ध पाच, मेलेला फेरी संपेपर्यंत बसतो, फेरी जिंकणाऱ्या संघाला एक गुण, मग सगळे जिवंत. बाँब लावण्या-निकामी करण्याचा भाग सोडला तर ही गामिनी. आणि गामिनीचा जो दोष तोच इथेही: पहिला गडी फुकट गेला की चौघांना पाचांशी लढावं लागतं. म्हणून तिथले कसलेले संघ एकट्याला कधी पुढे काढत नाहीत. दुसरा इतक्या जवळ असतो की पहिला पडताच मारणारा पडलाच पाहिजे. कबड्डीत कोपरारक्षकाने घोट्यावर झेप घेतली आणि शेजारचा त्याच क्षणी आला नाही, तर गडी फुकट जातो. हातात हात धरून उभ्या राहणाऱ्या बचावपटूंच्या साखळीची शिस्त म्हणजे हीच. हरलेली फेरी ओळखून उरलेल्या दोघांनी शस्त्रं वाचवत माघार घेणं हेही तिथे कौशल्य मानतात, कारण पुढच्या फेरीची खरेदी त्यावर ठरते. बीजीएमआयसारख्या शंभर जणांच्या खेळात मधली तऱ्हा आहे. गोळी लागून कोसळलेल्या गड्याला साथीदार जवळ बसून उठवू शकतो, पण ते काही सेकंद दोघेही उघडे पडतात. म्हणून समोरचा संघ कोसळलेल्याला लगेच संपवत नाही, त्याला आमिष म्हणून ठेवतो. स्पर्धेत शेवटपर्यंत टिकण्याचे गुण वेगळे आणि टिपलेल्या गड्यांचे वेगळे. शिवाय दडून बसणाऱ्याला बाहेर काढायला आक्रसत जाणारं वर्तुळ आहेच. तिसऱ्या चढाईच्या नियमाचं काम तिथे ते वर्तुळ करतं. या सगळ्यात एक उणीव मात्र जाणवते. समोरचा पडला म्हणून आपला उठला, ही संजीवनीची खरी देवघेव बंदुकीच्या खेळांत क्वचितच दिसते. तिथे साथीदाराला वाचवणं आणि शत्रूला मारणं ही दोन कामं आहेत, कबड्डीत ते एकच आहे. म्हणूनच डावपेचांचा खेळ म्हणून मी कबड्डीला वरचं पान देतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मातीत घाम गाळणारा देह कुठे आणि काचेवर फिरणारी बोटं कुठे? आक्षेप खरा आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. घोटा पकडायला लागणारी पंजाची ताकद आणि दम टिकवणारी छाती मोबाइल देत नाही, याबद्दल वादच नाही. मी तुलना करतो ती कर्णधाराच्या डोक्यातल्या हिशेबाची, आणि तो हिशेब देहावर नव्हे, नियमावर उभा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खो-खोतही तीन-तीनच्या तुकड्या बाद होत जातात, बुद्धिबळात शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं वजीर होतं. मग हे साम्य सगळीकडेच सापडेल, त्यात कबड्डीचं वेगळेपण काय? उत्तर असं की साम्य सगळीकडे आहे हे मान्य. ‘काउंटर-स्ट्राइक’ करणाऱ्यांनी गामिनी पाहिली होती असा माझा दावा नाही. पण गडी परतण्याचे तीन वेगळे नियम शेजारी-शेजारी खेळून पाहणं आणि त्यातला एक विचाराने निवडून त्याभोवती संघटना बांधणं, हे इथे झालं. तो अनुभव वारशासारखा आपल्याकडे आहे.

पनवेलकडे तो वारसा कसा आला हे जमिनीवरून समजतं. हा भाताचा आणि मिठागरांचा मुलूख. भातकापणी झाली की खाचरं मोकळी होतात, शेतावरची कामं हलकी होतात आणि पावसाळ्यापर्यंत सामन्यांचा हंगाम मिळतो. या खेळाला मैदानाशिवाय काही लागत नाही; ना बॅट, ना चेंडू. गावचा संघ बहुतेक एकाच आळीतल्या, एकमेकांचे चुलतभाऊ लागणाऱ्या पोरांचा. कोण कधी झेप घेईल हे शेजारच्याला न सांगता कळायचं, आणि साखळीला तेच तर लागतं. मग 17 मार्च 1970 ला सिडको हे सरकारी नगरविकास महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हा लढा जगण्याचा होता, खेळाचा नव्हता. पण खाचर गेलं की कापणीनंतरचं फुकटचं मैदानही जातं, ही त्यातली न मोजलेली बाजू. गावठाण इमारतींनी वेढलं गेलं. कामोठे, खारघर, कळंबोली ही गावांची नावं नव्या वसाहतींना मिळाली, आणि तिथल्या सदनिकांत चारी दिशांनी आलेली, एकमेकांना न ओळखणारी कुटुंबं राहू लागली.

म्हणून ‘मोबाइलने कबड्डी मारली’ हे सोपं वाक्य मला पटत नाही. पबजी मोबाइल भारतात आला 2018 मध्ये, त्यावर बंदी आली सप्टेंबर 2020 मध्ये, आणि त्याचीच भारतासाठीची आवृत्ती असलेला बीजीएमआय जुलै 2021 मध्ये सुरू झाला. खाचरं त्याच्या कितीतरी आधी गेली होती. आधी मैदान गेलं, मग पडदा आला. क्रम उलटा लावला तर दोष भलत्याच्या माथी जातो. शिवाय कबड्डी मेलेलीही नाही. रायगड जिल्ह्यात आजही गावोगावच्या चषकांचे सामने रात्री दिव्यांच्या झोतात रंगतात आणि गर्दी खेचतात. इतकंच की पूर्वी खेळ शेताच्या वेळापत्रकाने चालायचा, आता तो आयोजक, बक्षिसाची रक्कम आणि पुढाऱ्यांचे फलक यांच्या भरवशावर चालतो. या आश्रयाने संघ जगले हे खरं, आणि चांगला चढाईपटू बाहेरून आणण्याची चटक लागली हेही खरं.

शेवटचा आक्षेप खुद्द कबड्डीप्रेमींचा असतो: हे डावपेच शिकवून येत नाहीत, ते या मातीतल्या पोरांच्या रक्तातच असतात. ऐकायला गोड आहे. पण 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण जिंकत आलेला भारत 23 ऑगस्ट 2018 ला जकार्त्यात उपांत्य फेरीत इराणकडून 27-18 असा हरला. इराणच्या बचावाने भारतीय चढाईपटूंना एकटं गाठून साखळीत अडकवलं आणि बसवून ठेवलं. बसलेल्यांना उठवणारी पकड भारताला वेळेत साधली नाही. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराण 27-24 ने जिंकला. त्या इराणी मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. ज्या राज्याने संजीवनीचे नियम लेखी केले तिथलंच ज्ञान घेऊन एका बाईने ते दुसऱ्या देशाच्या मुलींना पद्धतशीर शिकवलं, आणि ते त्यांनी आपल्यावरच चालवून दाखवलं. खारघरच्या सदनिकेतल्या पोरालाही गड्यांचा आणि गुणांचा हिशेब असाच शिकवता येईल. त्याने तो अर्धा काचेवर गिरवलेला आहे. त्याला पंजाची ताकद कमवावी लागेल, दम कमवावा लागेल, आणि त्याआधी कुणीतरी त्याच्या वसाहतीत 13 बाय 10 मीटरचा एक तुकडा गाड्या उभ्या करण्यापासून वाचवून ठेवावा लागेल.