लष्करी 'जोंगा'चे घरगुती पुनरुज्जीवन : रंग आणि इंजिनाचे बंधन

जबलपूरच्या वाहन निर्माणीत निसानच्या परवान्याने तयार झालेली 'जोंगा' भारतीय लष्कराने अनेक दशके वापरली. लिलावात विकलेल्या या गाड्या हौशी मालक अंगणात पुन्हा उभ्या करतात. रंग मात्र बदलावाच लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांपुरताच आहे. होसकोटे असो वा पुणे, नियम एकच. मूळ पेट्रोल इंजिन खादाड, म्हणून डिझेल इंजिनाचा मोह जुनाच. परंतु उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.