त्राटिकेच्या आतले कागद

बोईसरच्या भंगारवाल्याकडे मी पुठ्ठ्याची खोकी घ्यायला गेलो, तेव्हा त्याने दोनदा विचारलं, "विकायचीत ना?" त्याच्याकडे लोक विकायलाच येतात. मला कोरडी, कमी छपाईची, चिकटपट्टी नसलेली खोकी हवी होती. पाच-सहा किलो निघाली. ती गोणीत भरून चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड, जव्हार करत मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर नेली. तिथे माळ्यावर आमची त्राटिका एक कान तुटून पडली होती आणि बोहाड्याला तीन आठवडे उरले होते.

बोहाडा म्हणजे सोंगांचा उत्सव. जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतर, उन्हाळा तापत जातो तसा तो गावोगाव होतो. प्रत्येक गावाची तिथी वेगळी. शेजारच्या नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात आणि गुजरातेतल्या डांगातही तो आहे, तिकडे भोवाडा किंवा भवाडा म्हणतात. रात्री संबळ आणि पिपाणी सुरू होते, मशाली पेटतात आणि एकेक सोंग नाचत देवीच्या देवळाकडे येतं. आधी गणपती, मग मोरावरची सरस्वती, त्यानंतर राम-लक्ष्मण, रावण, भीम, वेताळ, नरसिंह अशी रांग लागते. शेवटी देवी आणि म्हसासुराचं युद्ध होतं. नाचणारे पुरुषच असतात. त्यामुळे आमच्या घरातल्या पुरुषांनी पिढ्यानपिढ्या आत्याचं नाहीतर आजीचं लुगडं नेसून त्राटिका नाचवली.

'आमच्या घरातल्या' हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. सोंगांचे मान घराण्यांकडे ठरलेले असतात. ज्या घराकडे रावण, त्या घराने रावण सांभाळायचा, डागडुजी करायची आणि त्या रात्री नाचणारा माणूस द्यायचा. माझे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले, आम्ही बोईसरला वाढलो, आणि मान काकाकडे राहिला. यंदा काकाचे गुडघे संपले. गावातल्या काहींनी सुचवलं की बाजारात फायबरचे मुखवटे मिळतात, हलके असतात, एक आणून टाका. काकाने मला फोन केला. म्हणाला, "तू सोंग घेणार असशील तर कागद आण. नसशील तर तसं सांग, मी मान गावाला परत देतो."

आमच्याकडे एक गोष्ट सांगितली जाते, की आमची त्राटिका जव्हारच्या राजाच्या अमलातली आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचं, महादेव कोळी राजांचं संस्थान. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं, मग हा भाग ठाणे जिल्ह्यात राहिला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आला. म्हणजे आमचा मुखवटा किमान १९४८ च्या आधीचा. मला इतिहासाची हौस असल्यामुळे हा दावा मी बऱ्याच लोकांपुढे केला होता.

तुटलेला कान बसवायचा तर जुने सुटलेले थर काढावे लागतात. ओलं फडकं ठेवून मी आतल्या बाजूने एकेक कागद सोडवत गेलो. सगळ्यात वर वडिलांच्या अक्षरातलं शाळेच्या वहीचं पान होतं, त्याच्याखाली गुजराती वर्तमानपत्र, त्याच्याखाली खाकी पिशवीचा जाड कागद. सगळ्यात खाली, रंगाच्या थेट मागे, एका जाहिरातीचा तुकडा होता आणि त्यावर किंमत लिहिली होती: पंचाहत्तर नवे पैसे.

नवे पैसे म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या नंतरचं नाणं. त्या दिवशी रुपयाचे चौसष्ट पैसे गेले आणि शंभर आले. जुन्या-नव्यात गोंधळ नको म्हणून 'नवा' हा शब्द जोडला आणि १९६४ मध्ये तो काढूनही टाकला. म्हणजे राजा जाऊन निदान नऊ वर्षं झाल्यावर आमची त्राटिका जन्माला आली होती. मी काकाला तो तुकडा दाखवला. मला वाटलं, त्याला वाईट वाटेल.

काका म्हणाला, "ही नाही रे. हिच्या आधीची."

आधीचीला वाळवी लागली होती. ती पूर्ण जायच्या आत आज्याने तिच्यावर राख चोळली, वर ओल्या कागदाचे थर दिले, उन्हात वाळवले आणि नवा चेहरा जुन्यावरून उतरवून घेतला. जुना मग नदीत सोडला. त्या जुन्याचाही चेहरा असाच कुणावरून तरी उतरवलेला असणार. लाकडाचा मुखवटा जास्त टिकतो, पण जड होतो. रात्रभर नाचणाऱ्या मानेला कागदच बरा. आणि वर वर थर देऊन उतरवायचं म्हटलं की चेहरा दर वेळी नखभर मोठा होतो. काकाच्या मते म्हणूनच आमच्या त्राटिकेचे गाल असे फुगलेले आहेत.

घरच्या घरी सोंग तयार करणारी गावं जगात आणखीही आहेत. अमेरिकेतल्या लुइझियानात केजन लोक राहतात. अठराव्या शतकात इंग्रजांनी कॅनडाच्या बाजूने हाकलून दिलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांचे हे वंशज. उपासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या खेड्यांत मार्डी ग्राची फेरी निघते. जुन्या कपड्यांच्या चिंध्या कापून झालरी लावलेले अंगरखे, टोकदार उंच टोप्या आणि तारेच्या जाळीचे मुखवटे घालून लोक घरोघर जातात आणि रश्श्यासाठी कोंबडी, तांदूळ मागतात. तिथे सोंग कुणी घेतलंय हे ओळखू येऊ नये म्हणून धडपड असते. आमच्याकडे उलट. त्राटिका निघाली की बायाबापड्या म्हणतात, अमक्याची आली. मुखवट्यामागे कोण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, आणि कोणी नसलं तर तेही ठाऊक होतं.

फायबरच्या मुखवट्याला माझा विरोध तिथे सुरू होतो. तो नवा आहे म्हणून नाही. आमचाही जुना नाहीच. तो हलका आहे, पावसात भिजत नाही, वाळवी लागत नाही. पण तो मोडत नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणाला घरी यावं लागत नाही. आमच्या भागातली माणसं पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, बोईसरच्या कारखान्यांत जातात. होळी आणि बोहाडा त्यांना परत आणतात. दर दोन-चार वर्षांनी कान तुटणारा मुखवटा त्यांना तीन आठवडे आधी आणतो.

हल्लीचा गुळगुळीत रंगीत कागद पाण्यात विरघळत नाही, हे मला काकाने फोनवरच बजावलं होतं. खोक्याचा पुठ्ठा मात्र रात्रभर भिजला की सुटतो आणि त्याचे तंतू लांब असतात. लगदा कुटला, त्यात मेथीची पूड घातली, खळ शिजवली. कान बसवायला दोन दिवस गेले, वाळायला पाच. जीभ पुन्हा लाल केली. आत्याने लुगडं काढून दिलं आणि पदर कुठे खोचायचा ते शिकवलं, कारण पहिल्या गिरकीत सुटला तर गाव वर्षभर हसतं.

शेवटचा थर देण्याआधी मी आतल्या बाजूला पेन्सिलीने वर्ष आणि माझं नाव लिहिलं. पुढच्याला नव्या पैशांचा शोध लावत बसायला नको. काकाने ते वाचलं, मान हलवली, आणि खळ लावलेला एक कागद त्यावर चिकटवून टाकला.

"घाम लागतो," तो म्हणाला. "वर काही मोकळं ठेवायचं नाही. आता उठ, डोक्यावर घे, बघू मान किती वेळ धरते."