बेळगावचे दुकान, वाडीचा कारखाना : किर्लोस्कर घराण्याची यंत्रपरंपरा

बेळगावातील ‘किर्लोस्कर रोड’ हे नाव नित्याच्या बोलण्यात इतके रुळले आहे की, त्यामागील उद्योगकुलाचे स्मरण सहसा कोणास होत नाही. वस्तुतः शेतकऱ्याच्या दारी यंत्र नेणाऱ्या या घराण्याचा आरंभ याच नगरीत झाला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेसाठी ते मुंबईस गेले. परंतु रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले व पुढे तोच विषय शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरीचा त्याग केला आणि बंधू रामुअण्णांसह १८८८ साली काढलेल्या बेळगावच्या सायकलींच्या दुकानात सर्व लक्ष घातले. दुकानातून छोटा कारखाना निघाला, कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. शेतकऱ्याचा विश्वास शेतातच मिळवावा लागतो, हा धडा या घराण्याने तेथे घेतला.

शहरविस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकानजीकचा माळ व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये निवडुंगाने व्यापलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखे सहकारी लाभले. वस्तीत अस्पृश्यतेस थारा नव्हता. बेळगावने गमावलेली संधी एका लहानशा संस्थानाने साधली, हे या नगरीने विसरू नये.

दुसऱ्या पिढीतील शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्रविद्येची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले. त्याच सुमारास पंपनिर्मितीस प्रारंभ झाला. बैलांच्या मोटेने विहिरीतून पाणी काढण्यात वेळ व श्रम दोन्ही खर्ची पडत. पंपातील वेगाने फिरणारे चक्र पाणी बाहेरच्या दिशेस फेकते. त्यामुळे मध्यभागी पोकळी निर्माण होऊन विहिरीचे पाणी नळावाटे वर चढते. मात्र व्यवहारात सात-आठ मीटरांहून अधिक खोलीचे पाणी असे ओढता येत नाही. म्हणून खोल विहिरीत पंप खालच्या टप्प्यावर बसवावा लागे. तो चालविण्यास वीज कोठून आणावी, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर तेलावर चालणाऱ्या इंजिनात होते. त्यांच्या निर्मितीसाठी १९४६ मध्ये पुण्यास स्वतंत्र कंपनी निघाली. हरिहर येथे १९४१ मध्ये लेथ यंत्रांचा कारखाना सुरू झाला होता, तर १९४६ मध्येच बंगळूर येथे विद्युत यंत्रांचा उद्योग उभा राहिला. एका गरजेतून दुसरी गरज आणि एका शाखेतून दुसरी शाखा, असा हा विस्तार होता.

वाचनालयाच्या सभासदांना याच घराण्याचे दुसरे ऋण अधिक परिचित असेल. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये काढलेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले; १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. मालाची माहिती देण्यासाठी निघालेल्या पत्रकातून विचारांची मासिके वाढावीत, हे उद्योगाच्या इतिहासात दुर्मीळच होय.

संकटेही चुकली नाहीत. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीस आग लावण्यात आली. तरी कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले, शंतनुरावांचे पुत्र चंद्रकांत १९८५ मध्ये, तर स्वतः शंतनुराव १९९४ मध्ये. पुढे घराण्याच्या शाखांतील वाद न्यायालयापर्यंत गेले. जे अग्निप्रलयाने तुटले नाही, ते वाटणीच्या प्रश्नाने ताणले गेले. कारखाने, समभाग आणि नाव यांची वाटणी करता येते. परंतु नांगर विकला जाईपर्यंत दोन वर्षे थांबण्याची चिकाटी वारसाहक्काने कोणासही मिळत नाही. ती प्रत्येक पिढीस नव्याने कमवावी लागते.