घंगाळातून नळीकडे

बारावीच्या वर्गात अ‍ॅनिलीनपासून डायझोनियम लवण करून दाखवताना आपण एक सूचना न चुकता देतो : तापमान शून्य ते पाच अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले पाहिजे. परीक्षानळी बर्फात ठेवायची, सोडियम नायट्राइटचे द्रावण थेंबाथेंबाने घालायचे आणि तयार झालेले लवण लगेच नॅफ्थॉलच्या द्रावणात ओतायचे. सुरेख रंग येतो आणि तास संपतो. पण हाच रंग टनावारी करायचा झाला तर? रंगाच्या कारखान्यांत अशा वेळी खरोखरच पात्रात बर्फ टाकला जातो. हा बर्फ का लागतो आणि तो टाळता येईल का, या प्रश्नामागे सेंद्रिय रसायन-उद्योगाचा मोठा इतिहास आहे. कारखान्यांच्या शेजारी वाढलेल्या नवी मुंबईसारख्या शहराचा त्या इतिहासाशी अगदी जवळचा संबंध आहे. त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

बशीतला चहा

रंग, औषधे, कीटकनाशके यांचे कारखाने बहुधा बॅच पद्धतीने चालतात. मोठ्या पात्रात – घंगाळच म्हणा ना – कच्चा माल भरायचा, ढवळायचे, अभिक्रिया पुरी झाली की पात्र रिकामे करायचे आणि पुन्हा भरायचे. प्रयोगशाळेतल्या चंबूचेच हे थोरले भावंड. मात्र पात्र मोठे केले की अडचण उभी राहते. उष्णता निर्माण होते ती द्रवाच्या साऱ्या आकारमानात, पण बाहेर पडते ती फक्त पृष्ठभागातून. एक मीटर व्यासाच्या दंडगोलाला दर घनमीटर द्रवामागे बाजूचा पृष्ठभाग मिळतो ४ चौरस मीटर. एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत तोच आकडा ४,००० चौरस मीटर होतो. (४ भागिले व्यास, हे सूत्र विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.) गरम चहा बशीत ओतून पिणारा प्रत्येक जण हेच तत्त्व वापरत असतो.

उष्णता वेळेवर बाहेर पडली नाही तर तापमान वाढते. तापमान वाढले की अभिक्रियेचा वेग वाढतो आणि उष्णता आणखी वेगाने निर्माण होऊ लागते. हे चक्र हाताबाहेर गेले की स्फोट होतो. नायट्रोग्लिसरीनच्या उद्योगाने याची किंमत फार लवकर मोजली. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोमजवळ झालेल्या स्फोटात आल्फ्रेड नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल मरण पावला. पुढे स्कॉटलंडमधील आर्डीरच्या कारखान्यात तापमापीवर लक्ष ठेवणाऱ्या कामगाराला एका पायाचे स्टूल देत असत; डुलकी लागली की तो पडून जागा व्हावा, हा हेतू! विसाव्या शतकात ग्लिसरीन आणि आम्ल अरुंद मार्गातून वाहत असतानाच मिसळणाऱ्या पद्धती आल्या. पूर्वी पात्रात एका वेळी सुमारे एक टन स्फोटक असे. या सुधारणांच्या अखेरीस ते सुमारे एक किलोवर आले.

एकाच रस्त्यावर दोन रीती

प्रवाही पद्धत आपल्याकडे नवी नव्हती. ठाणे–बेलापूर रस्त्यावर १९६८ साली ‘नोसिल’चा नॅफ्था भंजन संच सुरू झाला. अशा संचात नॅफ्थ्याची वाफ तप्त नळ्यांमधून सेकंदाच्या काही अंशात पार होते आणि इथिलीन, प्रॉपिलीन अशी संयुगे मिळतात. याच पट्ट्यात ‘हर्डिलिया केमिकल्स’ने क्युमीनच्या मार्गाने फिनॉल आणि अ‍ॅसिटोन बनवले. त्याच रस्त्याच्या आसपास रंगांचे आणि औषधांचे लहान कारखाने मात्र घंगाळेच ढवळत राहिले.

याला कारणे होती. पेट्रोरसायनांच्या संचातून वर्षभर एकच माल निघतो. औषध-कारखान्याला त्याच पात्रात या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसरे संयुग करायचे असते. शिवाय अनेक अभिक्रियांत घन पदार्थाचा साका बसतो आणि बारीक नळी तुंबते.

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, म्हणजे येथे कारखाने आधी आले आणि नियोजित शहर नंतर. वस्ती कारखान्यांच्या कुंपणांपर्यंत पोचली, तेव्हा पात्रात एका वेळी किती माल आहे, हा प्रश्न केवळ कारखानदाराचा राहिला नाही.

भोपाळने हा प्रश्न साऱ्या जगापुढे ठेवला. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीतून सुटलेले सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट म्हणजे कार्बारिल या कीटकनाशकाकडे जाताना लागणारा मधला टप्पा. ते साठवून ठेवण्याची रासायनिक गरज नव्हती. पुढे ड्यू पॉन्ट कंपनीने अमेरिकेत हे रसायन तयार होताच वापरून टाकणारी पद्धत उभारली. घातक द्रव्य मुळात साठवूच नये, हा विचार ब्रिटिश अभियंते ट्रेव्हर क्लेट्झ १९७० च्या दशकापासून मांडत होते.

येथे एक सावधगिरी हवी. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो येथे २८ माणसे दगावली, तो कारखाना प्रवाही पद्धतीचाच होता. पण त्याची अभिक्रिया मंद होती. त्यामुळे लागोपाठच्या मोठ्या पात्रांत गरम सायक्लोहेक्झेनचा प्रचंड साठा सतत असे. म्हणजे नुसता प्रवाह पुरत नाही. अभिक्रिया जलद हवी आणि साठा लहान हवा. उत्प्रेरकाचे महत्त्व येथे कळते.

तीन पिढ्यांचे काम

खाडीपलीकडे माटुंग्याला, मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात (यूडीसीटी, आताची रसायन तंत्रज्ञान संस्था) या विषयाची एक गुरुपरंपराच उभी राहिली. मनमोहन शर्मा केंब्रिजहून परतून १९६४ साली येथे प्राध्यापक झाले. अनेक सेंद्रिय अभिक्रियांना उत्प्रेरक म्हणून सल्फ्युरिक आम्ल लागते. काम झाल्यावर ते उदासीन करावे लागते आणि क्षारयुक्त सांडपाणी उरते. शर्मा व त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याऐवजी आम्लधर्मी आयन-विनिमय रेझिन वापरण्यावर पुष्कळ संशोधन केले. पाणी मृदू करताना वापरतात, तसलेच हे मणी. ते स्तंभात भरायचे आणि द्रव त्यांतून वाहू द्यायचा. उत्प्रेरक जागच्या जागी राहतो, माल पुढे जातो, आणि आम्ल उदासीन करण्याचा प्रश्नच उरत नाही.

त्यांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी यांनी पात्रांत आणि स्तंभांत द्रव व बुडबुडे नेमके कसे फिरतात, याचा गणिती अभ्यास केला. मिश्रण कोठे नीट होत नाही हे कळल्याशिवाय पात्र सुधारता येत नाही, की त्याच्या जागी नळीही आणता येत नाही. जोशींचे विद्यार्थी अमोल कुलकर्णी यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्म प्रवाही अभिक्रियापात्रांचे काम उभे केले. नायट्रेशनसारख्या उष्णतादायी अभिक्रिया आणि चांदीच्या नॅनोतारांची निर्मिती हे त्यातले विषय. २०२० सालच्या शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराच्या मानकऱ्यांत ते होते.

डायझोनियम लवणालाही हा मार्ग लागू पडतो. नळीच्या एका भागात ते तयार होते आणि काही सेकंदांत पुढच्या भागात वापरले जाते. साठा नसल्याने विघटनाला सवडच मिळत नाही. बर्फाची गरज पुष्कळ कमी होते. रंगाच्या साक्याने नळी तुंबण्याची अडचण मात्र अजून पुरती सुटलेली नाही. लहान कारखानदाराला जुनी पात्रे मोडीत काढणे परवडत नाही, हेही खरे.

तरीही हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट आसपासच्या घरांच्या खिडक्यांपर्यंत पोचले होते. विद्यार्थ्यांना घेऊन एखादा रासायनिक कारखाना पाहायला गेलात, तर काय बनते आणि कसे बनते याच्या जोडीला आणखी एक प्रश्न त्यांना विचारायला सांगावे : या क्षणी पात्रात किती माल आहे, आणि त्यातला किती मुळात असण्याची गरज आहे?