तबकडीची पाठ

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गोहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं, तेव्हा तबकडीला गाणारी बाजू एकच असायची. पाठ कोरी. तीन मिनिटांत सगळा राग आटपायचा आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायचं, कारण तबकड्या घडायच्या तिकडे जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळायला नको का? पुढे १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि त्याच सुमारास पाठीवरही गाणं येऊ लागलं.

आपल्याकडे ही पाठ फारशी दुय्यम मानली गेली नाही. तीन मिनिटं कोणाला पुरणार? मग एका बाजूला विलंबित, उलटली की द्रुत. किंवा पुढे ख्याल आणि मागे ठुमरी नाहीतर भजन. ज्याला जे आवडेल ती त्याची पुढची बाजू. विलायतेत मात्र पंचेचाळीसच्या छोट्या तबकड्या आल्या आणि हिशेब बदलला. पुढचं गाणं विकायचं, मागचं भरतीला. त्याला नावच पडलं 'बी-साइड'.

माझा पुतण्या हल्ली अशी मागची गाणी जमवतो. त्याने मला एका अमेरिकन रॉक बँडची १९९२ सालची छोटी रेकॉर्ड ऐकवली. जपान आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याच्या निमित्ताने तिथल्याच बाजारासाठी काढलेली, फक्त सहा गाण्यांची. चार बीबीसी रेडिओसाठी गायलेली, तीही दुसऱ्यांची, आणि दोन त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या पाठीमागे गेलेली. बँडचं नाव 'निर्वाणा'! आपलं निर्वाण पावापुरीचं, शांत. हे कसलं बाई, कानठळ्या बसवणारं! पण एक पटलं. मागे राहिलेलं कोणीतरी गोळा केलं, तर त्याचीही एक रेकॉर्ड होते.

वडोदऱ्याच्या घरी सासूबाईंची तबकड्यांची पेटी होती. आजेसासरे मात्र तिला हात लावत नसत. कारण काय, तर तबकडी लाखेची. लाख, दगडाची भुकटी, काजळी असं मिसळून ती दाबायची. आणि लाख म्हणजे पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या इवल्याशा किड्यांचं घर. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत लाक्षावाणिज्य आहेच. सासूबाई म्हणायच्या, "मी कुठे विकते? मी तर ऐकते." हा युक्तिवाद किती टिकतो मला सांगता येत नाही, पण त्यांना ऐकू दिलं जात होतं एवढं खरं. पुढे प्लास्टिकच्या तबकड्या आल्या आणि वाद आपोआप मिटला.

याच गावातून एक गायक असाच मागे राहून गेला. इनायत खाँ, जन्म १८८२, मौलाबक्षांचे नातू. १८८६ साली सयाजीरावांच्या राज्यात ज्यांच्या हातून गायनशाळा सुरू झाली, ते मौलाबक्ष. इनायत खाँनी १९०९ मध्ये कलकत्त्याला एकतीस गाणी तबकड्यांवर दिली आणि १९१० मध्ये देश सोडला. जगाने त्यांना सूफी गुरू म्हणून ओळखलं. ती गाणी एकत्र करून पुन्हा निघाली १९९४ मध्ये, म्हणजे त्यांना जाऊन सदुसष्ट वर्षं झाल्यावर.

पण मला सांगायचंय ते हिराबाईंचं. बडोद्याच्या दरबारात अब्दुल करीम खाँ गात होते, तेव्हा सरदार मारुतराव मान्यांची मुलगी ताराबाई त्यांच्याबरोबर गाव सोडून गेली. सरदारघराण्यातली मुलगी! गावात काय काय बोललं गेलं असेल, आपण बायका समजू शकतो. मिरजेला संसार झाला, पाच मुलं झाली. १९२२ च्या सुमारास ताराबाईंनी तो संसार सोडला, मुलांना घेऊन. मग मुलांची नावंच बदलली. अब्दुल रहमान झाले सुरेशबाबू माने. सकीना झाली सरस्वती, पुढच्या सरस्वतीबाई राणे. आणि १९०५ मध्ये मिरजेत जन्मलेली चंपाकली झाली हिराबाई बडोदेकर.

अब्दुल करीम खाँचं चरित्र कोणीही सांगतो. ताराबाई त्यात येतात त्या दोन ओळींपुरत्या, आल्या आणि गेल्या. पण पाच पोरं पदरात घेऊन बाहेर पडायचं आणि त्यांचं गाणं सुटू द्यायचं नाही, हे सोपं होतं का? हिराबाई तिकीट लावलेल्या जाहीर मैफलींत बसून गायल्या. बाईने असं गाणं तेव्हा रिवाजात नव्हतं. पुढे १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं.

पेटीत हिराबाईंच्या पाच-सहा तबकड्या होत्या. पोलादी सुई लाख खरवडत जाते, म्हणून आवडीची बाजू आधी करडी पडते, खरखरते. सासूबाईंची भजनाची बाजू अशीच संपलेली होती आणि मागचा ख्याल जवळजवळ नवा, काळाभोर. मी तोच ऐकते. वडलांचं आडनाव नाही, नवऱ्याचं नाही. ज्या गावाने आईला नावं ठेवली असतील, त्या गावाचं नाव मुलीने घेतलं, आणि ते दोन्ही बाजूंच्या लेबलांवर छापलेलं आहे.